न दिसणारी क्लिप

पनवेल,
१२ ऑगस्ट २०१३

प्रिय किशोरीताई,

तुझ्या आश्रमशाळेच्या टेकडीवर मोबाईलला रेंज नाही, याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला आहे. सध्या मी फोनवर बोललो तर ऐकणाऱ्याला वाटतं, तोंडात पानाचा तोबरा भरलाय. म्हणून पत्र.

मी दात सरळ करून घेतोय. हस. हसून झालं की पुढे वाच.

धर्मराज आजोबांची जमीन सिडकोत गेली, त्यांचे दात तेवढे आपल्या दोघांच्या वाट्याला आले. तू तुझ्या आईकडून घेतलेस, मी माझ्या बाबांकडून. तू लहानपणीच ओठ मिटून हसायला शिकलीस. मी पडलो बडबड्या. आठवडाभर कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो, पण माझा खरा जन्म शनिवार-रविवारी होतो, गावोगावच्या टेनिस क्रिकेटच्या सामन्यांत माईक हातात आला की. आजवर लोकांना भोंग्यातून फक्त माझा आवाज ऐकू यायचा, तोवर सगळं ठीक होतं. यंदापासून मात्र सामने केबलवर दाखवणार आहेत, समालोचकासकट. आमचा स्कोअरर प्रितेश, त्याने मागच्या मोसमात मोबाईलवर माझं चित्रण केलं होतं, ते दाखवलं. मी प्रेक्षकांना सांगतोय, ‘चेंडू सीमारेषेच्या बाहेर!’ आणि चेंडूच्या आधी माझे दात बाहेर.

दुसऱ्याच दिवशी प्राजक्ता डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, दातांना चिकटवायच्या लोखंडी क्लिपा आणि त्यातून ओवलेली तार. ती दिसते, टोचते, पण बसली की बसली. दुसरा, प्लास्टिकचा पारदर्शक साचा. त्याला अलाइनर म्हणतात. दातांवर टोपीसारखा बसतो, दर दोन आठवड्यांनी नवा, आणि कोणाला दिसत नाही. खाताना, चहा पिताना काढायचा, एरवी रात्रंदिवस तोंडात. डॉक्टर म्हणाल्या, “तुमच्या दातांना मी तारच सुचवेन. साच्यानेही होईल, पण तो तोंडात असेल तरच होईल.”

मी ‘कोणाला दिसत नाही’ एवढंच ऐकलं. तेहतीस वर्षांचा घोडा तोंडात लोखंड घालून फिरला तर लोक लगाम म्हणतील.

आईलासुद्धा सांगितलेलं नाही. तूही कोणाला सांगू नकोस.

तुझा,
कुंदन


मोखाडा,
३० ऑगस्ट २०१३

चि. कुंदनस,
अनेक आशीर्वाद.

हसले. ओठ न मिटता हसले, कारण आता ते मिटतच नाहीत. मीही मे महिन्यात नाशिकला जाऊन दातांना तार बसवून घेतली आहे. लोखंडी, अस्सल लगाम.

तुला कळवलं नाही, कारण तू माझ्यावर वर्षभर पुरेल एवढं समालोचन केलं असतंस. मला रूपासाठी नव्हतं करायचं. माझे खालचे दात वर टाळूला लागायचे, जखमा व्हायच्या. डॉक्टरांनी दोन दाढा काढून जागा केली आणि तार ओढली. छत्तिसाव्या वर्षी. तुझे सुदाम भावजी म्हणाले, “आता वर्गात छडीची गरज नाही, नुसती हसत जा.”

मुलं मात्र फार गोड आहेत. चौथीतल्या एकीने विचारलं, “बाई, दात पळून जातात का, म्हणून बांधले?” मी म्हटलं, होय. तेव्हापासून रोज कोणीतरी येऊन बघून जातं की सगळे जागेवर आहेत ना. मजेत चाललंय माझं. दुखणं वगैरे काही नाही.

तुझं ते प्लास्टिक तोंडात ठेव म्हणजे झालं. मी तुला ओळखते.

तुझी,
किशोरीताई


पनवेल,
६ ऑक्टोबर २०१३

प्रिय ताई,

तुझा लगाम वाचून मला इतका धीर आला की मी चार दिवस साचा अजिबात काढला नाही. आणि नेमक्या त्याच चार दिवसांत एक भानगड झाली.

आईच्या ओळखीच्या शोभामावशी करंजाड्याला राहतात. त्यांची भाची दमयंती. वय एकतीस, खारघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. बाप नाही, आई नाही, दोन भाऊ आणि त्यांचं भरलेलं घर. आईने परस्पर ठरवलं, की आम्ही दोघांनी स्टेशनजवळच्या हॉटेलात भेटायचं. मला वाटलं, हॉटेलात पोचल्यावर बेसिनपाशी जाऊन साचा काढेन. पोचलो तर ती आधीच येऊन बसलेली, आणि बेसिन बरोबर तिच्या समोर.

“चहा घेणार?”

मी मान हलवली. नाही.

“कॉफी?”

नाही.

“बाहेरचं काहीच घेत नाही तुम्ही?”

“पाणी,” मी म्हणालो. ताई, साचा घातल्यावर ‘स’चा ‘थ’ होतो, ‘च’ला फेस येतो. पण ‘पाणी’ सुखरूप बाहेर पडतं.

“सुट्टीच्या दिवशी काय करता?”

आता ‘सामने’, ‘समालोचन’ हे शब्द कसे काढू? “थामने” म्हटलं तर तिला वाटेल एखादं गाव आहे. मी म्हणालो, “घरी.”

मग काय, तीच बोलायला लागली. तिचे वडील पनवेल डेपोत एसटीचे कंडक्टर होते. दिवसभर ओरडून दमून यायचे आणि घरी आल्यावर हिला समोर बसवून म्हणायचे, आता तू बोल. ही बोलायची, ते ऐकायचे. हिला कोणी शाळेत ढकललं, कोणी वही फाडली, सगळं. ते गेल्यापासून घरात सगळे एकाच वेळी बोलतात, ऐकायला कोणी उरलेलं नाही. इथे ती थांबली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी अंधारात चाचपडत सोपी अक्षरं शोधली आणि म्हणालो, “मग पुढं?”

ताई, ती माझ्याकडे बघतच राहिली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, “बाबा अस्संच म्हणायचे.”

होकार आलाय. निरोप असा, की मुलगा शांत आहे, ऐकून घेणारा आहे. आईला वाटतंय निरोप चुकीच्या घरी आला. तिने मला उभं केलं आणि विचारलं, “तोंडान काय हाय तुझ्या? गुटखा धरलास काय?” खिसे तपासले. साच्याची डबी सापडली. आता आईला माहीत आहे. तिला मी शपथ घातली आहे.

शांत आणि ऐकून घेणारा,
कुंदन


मोखाडा,
२७ ऑक्टोबर २०१३

चि. कुंदन,

मुलगी चांगली वाटते. म्हणूनच लवकर सांगून टाक. साचा दाखव आणि म्हण, बाई गं, हे प्लास्टिक निघालं की माझ्या तोंडाला बांध राहत नाही. ती हसेल, एवढंच.

उशीर केलास तर हसणार नाही.

दिवाळीला आम्ही येत नाही, नाशिकला डॉक्टरांकडे जायचं आहे. तिकडून फराळ पाठव. चकली पाठवू नकोस, मोडायला दात रिकामे नाहीत.

किशोरीताई


पनवेल,
१५ डिसेंबर २०१३

प्रिय ताई,

घाईत लिहितोय. मोसम सुरू झाला. शनिवार-रविवार सकाळी सात ते दिवेलागण माईकवर. लोक म्हणतात, केबलवर छान दिसतोस. दात झपाट्याने आत जातायत, डॉक्टर खूश आहेत.

दमयंतीला दर बुधवारी भेटतो. ती बोलते, मी ‘मग पुढं’ म्हणतो. मला आता तिच्या कॉलेजच्या शिपायाच्या जावयाचंही नाव माहीत आहे. सांगायचं राहिलंय, सांगेन. पण आता सांगायचं म्हणजे, आजवर तुझ्यासमोर बसलेला तो मी नव्हतो, असं सांगायचं. धाडस होत नाही. लग्नानंतर हळूहळू बोलायला लागलो तर? आठवड्याला दोन-दोन वाक्यं वाढवत?

परवा गंमत झाली. वाघिवलीच्या सामन्यात टॉससाठी नाणं काढायला शर्टाच्या खिशात हात घातला आणि साच्याची डबीच कप्तानाच्या हातावर ठेवली.

तुझा,
कुंदन


मोखाडा,
१२ जानेवारी २०१४

चि. कुंदन,

मी बारा वर्षं मुलांच्या वह्या तपासते आहे. सामना चालू असताना साचा डबीत आणि डबी खिशात. म्हणजे शनिवार-रविवार दिवसभर तो तोंडात नसतो. ऑफिसात चहा चार वेळा, ते मला माहीत आहे. आता खरं सांग, दात झपाट्याने कुठे जातायत?

तुला खरं बोलायला लाज वाटू नये म्हणून माझं खोटं आधी सांगते. मजेत वगैरे काही नव्हतं. जूनमध्ये तारेचं टोक गालात घुसायचं. तोंडभर फोड. पंधरा दिवस मी वर्गात बोललेच नाही, सगळं फळ्यावर लिहीत होते. स्टाफरूममध्ये कोणीतरी मागून ‘स्टीलचं कपाट’ म्हणालं, ते ऐकून घरी येऊन रडले. दिवाळीत नाशिकला गेले ती तार काढून टाकायलाच. डॉक्टरांच्या खुर्चीत बसून म्हटलं, काढा हे. ते म्हणाले, “आज घट्ट करतो, पुढच्या महिन्यात तुम्हीच ‘काढू नका’ म्हणाल.” आणि तसंच झालं. टाळूची जखम भरली, कितीतरी वर्षांनी मी भाकरी न घाबरता चावली.

तेव्हा माझ्या धीराचं कौतुक करू नकोस. माझी क्लिप निघत नाही, एवढाच माझा धीर. तुझी निघते, म्हणून तुला रोज नव्याने ठरवावं लागतं. तुझं काम माझ्यापेक्षा अवघड आहे, हे मी मान्य करते. पण ते तू करत नाहीयेस.

आणि त्या मुलीला सांग.

किशोरीताई


पनवेल,
१० फेब्रुवारी २०१४

ताई,

सांगायची वेळ आली नाही. तिला कळलं.

काल करंजाड्याला अंतिम सामना होता. दमयंती राहते ते करंजाडे. मला वाटलं, मैदान गावाच्या या टोकाला, तिची इमारत त्या टोकाला. भोंगे चारही दिशांना लावलेत हे मी विसरलो. मी, ज्याचं सगळं आयुष्य भोंग्यावर गेलं, तो.

सकाळपासून सुटलो होतो. साचा पेपर नॅपकिनात गुंडाळून टेबलावर ठेवला होता, कारण डबी घरी राहिलेली. दुपारी दुसऱ्या डावात मी ऐन रंगात होतो. “आणि हा बघा बुधाजीचा पोरगा, आपला शेवगा! शेवग्यासारखा उंच, पण शेवग्यासारखा मोडत नाही...” समोर बघतो तर मांडवाच्या खांबाशी ती उभी. कडेवर भावाची मुलगी. माझ्याकडे अशी बघत होती, जसं आपलं सामान दुसऱ्याच गाडीत चढताना माणूस बघतो.

पूर्ण षटक मी काही बोललो नाही. प्रितेशने माईकवर टिचक्या मारल्या, त्याला वाटलं लाईट गेली. मी तसाच उठून तिच्याकडे गेलो.

“सकाळपासून ऐकतेय,” ती म्हणाली. “आधी वाटलं, नाव तेवढं सारखं आहे.”

मी म्हणालो, “मी सांगणार होतो. माझ्या तोंडात साचा असतो, दातांचा, तो घातला की नीट बोलता येत नाही...”

“म्हणून तुम्ही गप्प होतात?”

“हो.”

“म्हणजे बोलता येत नव्हतं म्हणून ऐकत होतात.”

मी टेबलावरच्या नॅपकिनाकडे बोट केलं. ताई, दिवसाला दहा हजार शब्द बोलणारा माणूस मी.

“मग ‘मग पुढं’ कोण म्हणत होतं?” तिने विचारलं. “प्लास्टिक?”

आणि ती गेली. मी टेबलाशी परत आलो तर पोरांनी वडापावचे कागद गोळा करून नेले होते, त्यांबरोबर माझा नॅपकिनही. मी आणि प्रितेश कचऱ्याच्या ढिगात हात घालून शोधत होतो आणि केबलवाला, देव त्याचं भलं करो, ते दाखवत होता.

शोभामावशींचा निरोप आला. तूर्त थांबू या.

मी खरंच कोण आहे गं? मला माहीत असेल तर शपथ.

कुंदन


मोखाडा,
२० फेब्रुवारी २०१४

चि. कुंदन,

तिच्याकडे जा. विनोद करायला नाही, आणि माझं पत्र घेऊनही नाही. मी मध्ये पडणार नाही. ती चिडली आहे ती तू बोलतोस म्हणून नाही. तिने वडिलांबद्दल सांगितलं ते कोणापुढे सांगितलं, हे तिला आता कळत नाहीये. ते तुलाच सांगावं लागेल.

पण आधी डॉक्टरांकडे जा. एका माणसाशी खरं बोललास की दुसऱ्याशी सोपं जातं.

किशोरीताई


पनवेल,
२० एप्रिल २०१४

प्रिय किशोरीताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं व्हायची वाट बघत होतो.

डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, एक साचा हरवला. त्यांनी पुढचा घालून बघितला, बसेना. आधीचा घातला, तोही अर्धवट. त्याच्या आधीचा कसाबसा बसला. प्राजक्ता डॉक्टर म्हणाल्या, “कुंदनराव, तुम्ही मला दर महिन्याला ‘घालतो, घालतो’ म्हणत होतात. तुमचे दात मात्र खोटं बोलत नाहीत.” मग त्यांनी पुन्हा दोन रस्ते सांगितले. नवीन मापं घेऊन साचे पहिल्यापासून, किंवा तार. “साचा वाईट नाही. माझे कितीतरी पेशंट नेमाने घालतात, मस्त दात झालेत त्यांचे. तो तुमच्या स्वभावाला वाईट आहे.”

तार लावून घेतली, ताई. तुझ्यासारखी. पहिल्या आठवड्यात वरणभात चावतानासुद्धा दात दुखायचे. ऑफिसातले ड्रायव्हर म्हणाले, आता कळंबोलीचा खरा माल दिसतोय. मी म्हटलं, बघून घ्या, गंजत नाही.

आणि मग खारघरला गेलो, थेट तिच्या लायब्ररीत. तिथे मोठ्याने बोलायची सोयच नाही, हे बरं झालं. तिच्या टेबलासमोर उभा राहिलो. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं.

“हे काय?”

“हे निघत नाही,” मी म्हणालो. “आता जो दिसतो तोच मी. भरपूर बोलतो. लहानपणापासून. मी ऐकून घेणारा माणूस नव्हतो, हे खरं. तोंड बंद होतं म्हणून ऐकलं. पण कान माझेच होते. आणि जे ऐकलं ते मला आवडायला लागलं. बुधवारची वाट बघायचो. ते साच्यामुळे नव्हतं.”

एवढं हळू मी आयुष्यात बोललो नव्हतो. ती पुस्तकांवर शिक्के मारत राहिली. मग म्हणाली, “रविवारी सामना कुठे आहे?”

ती आली, ताई. शोभामावशींना घेऊन, छत्री घेऊन. दिवसभर मैदानाच्या कडेला बसून ऐकत होती. मी घाबरून जरा जपून बोलायला गेलो तर प्रेक्षकांतून आवाज आले, “काय र कुंदन, जेवलास नाय काय?” मग सोडून दिलं आणि जसा आहे तसा बोललो. ‘स’ अजून थोडा अडतो, अडू दे म्हटलं.

संध्याकाळी ती जवळ आली.

“फार बोलता.”

“हो.”

“पण शून्यावर बाद झाला त्याचंही नाव घेऊन दोन शब्द चांगले बोललात. प्रत्येकाचं. मी बघत होते.” छत्री मिटत म्हणाली, “मला सगळं लगेच जमणार नाही. मी ज्याला हो म्हटलं होतं तो माणूस वेगळा होता. याची मला ओळख करून घ्यायला लागेल.”

मी म्हणालो, “घ्या. मी निघत नाही.”

हसली. ओठ मिटून नाही.

तुझा,
कुंदन


पनवेल,
१८ जानेवारी २०१५

प्रिय किशोरीताईंना,
सा. न.

लग्नात तुमची नीट ओळख झाली नाही, मांडवात फारच गडबड होती. तेव्हाच ठरवलं होतं तुम्हाला पत्र लिहायचं. फोटो सोबत पाठवते. फोटोग्राफर सारखा सांगत होता, “दादा, तोंड मिटा, तारांवर फ्लॅश चमकतोय.” ह्यांनी एकाही फोटोत मिटलेलं नाही. तुमच्या शेजारी उभे आहेत तो बघा, तुमची तार आता निघालेली आणि ह्यांची चमकणारी. प्राजक्ता डॉक्टर म्हणाल्या, अजून वर्षभर तरी.

ह्यांना लिहिलेल्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत, नीट जमतंय ना. खरं सांगते. पहिले दोन महिने मी गप्पच असायची. हे बोलायचे, मी ऐकायची, आणि मनात म्हणायची, झालं, हेही घर आमच्याच घरासारखं निघालं.

परवा आमचं पहिलं भांडण झालं. मला कॉलेजकडून नागपूरला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जायचं आहे. हे म्हणाले, जा, पण असं कर, तसं कर, अमुक गाडी, तमुक डबा. मी म्हटलं, मला सांगू तर द्या. ते थांबेनात, मग मीही थांबले नाही. दोघांचे आवाज चढले. शेवटी सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “एकेकान बोला र, मना कायच ऐकू येत नाय!”

आम्ही दोघंही थांबलो. ह्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि मला म्हणाले, “बोल.”

मी खूप बोलले, ताई. नागपूरचं, कॉलेजचं, मला का जायचं आहे ते, आणि इतके दिवस साठलेलं सगळंच. सासूबाई पोळीचं लाटणं हातात घेऊन दारात उभ्या. आणि हे मध्ये एकही शब्द न बोलता ऐकत होते, चांगलं मोठं तोंड उघडं टाकून.

तुमची,
दमयंती